ताजमहालाशी भांडणारी शकूताई

फोन आला तेव्हा मी वालपापडी निवडत बसले होते. पलीकडून सिल्वासाजवळच्या राखोलीची जसुबेन बोलत होती, शकूताईची शेजारीण. जसुबेन गुजराती, पण तिला मराठी शिकवलं शकूताईनंच, तेही तिच्या गावाकडचं, रावेरचं. त्यामुळे बातमीसुद्धा मला शकूताईच्याच बोलीत ऐकावी लागली. "विजूबेन, सिस्टर गेली वो माय... चहा घेऊन उठवायले गेली मी, तं उठेचना." मी काय बोलले आठवत नाही. फोन ठेवला आणि उरलेली सगळी भाजी निवडून टाकली, शिरा काढून, अगदी नीट. मग आत जाऊन ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली, मग आणखी एक... पेपर खिशात मावेल एवढा झाला तरी हे घडी घालतच होते.

शकूताई म्हणजे सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यातली बाळंतपणाच्या वॉर्डची सिस्टर. अंगानं थोराड, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा, लग्न केलेलं नाही आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर त्याची धडगत नाही. निवृत्त झाल्यावरही खेरडीपासून खानवेलपर्यंतच्या बायका तिच्या राखोलीच्या ओसरीवर येऊन बसायच्या. वारली बाया यायच्या, कारखान्यांत कामाला आलेल्या धुळ्या-नंदुरबारच्या पोरी यायच्या. फक्त आमची मराठी मंडळी तिला बारशाला बोलावत नसत. अडल्या वेळी बोलावत, बारशाला नाही. कारण तिच्या नावावर एक आळ होता. 'सिस्टरनं विजूचा वंश बुडवला.' ती विजू म्हणजे मी. दोन मुलींवर माझं थांबलं, ते म्हणे शकूताईनं मला काहीबाही खाऊ घालून थांबवलं. हा आळ अंगावर घेऊन ती गेली. हे मी तिच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून लिहीत नाही, शांतता तिला जिवंतपणीही मानवत नसे. तिच्यामागे तो आळ उरू नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

पण ते सांगायचं तर आधी ताजमहालाबद्दल बोलायला हवं, कारण सगळी भांडणं तिथूनच सुरू झाली.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी नाशकात बसून दोन उशांच्या अभ्र्यांवर ताजमहाल भरला होता. दोऱ्याची लडी संपली, म्हणून एका अभ्र्यावर तीनच मिनार आले. तो अभ्रा मी मोठ्या मनानं नवऱ्याला दिला. लग्नानंतर आम्ही आग्र्याला गेलो आणि घुमटाचं टोक चिमटीत धरल्याचा तो फोटो काढला, जो भारतातल्या प्रत्येक बावळट नवरीनं काढलेला असतो. आज तो फोटो बघते तेव्हा दिसतं की चिमटीत घुमट आहे आणि मानेवर दुधीभोपळा. तिथल्या बाकावर बसून मी ह्यांना विचारलं होतं, "मी मेले तर माझ्यासाठी तुम्ही काय बांधाल?" हे बिचारे टेक्स्टाइलचे इंजिनिअर. खरोखर विचार केला आणि म्हणाले, "आधी सिल्वासाच्या क्वार्टरवर पाण्याची टाकी बांधून घ्यायला पाहिजे." मी परतीच्या प्रवासात अबोला धरला. त्या मुलीला जिवंतपणी स्वयंपाकाचा ओटा धड उंचीचा करून घ्यायचं सुचलं नाही आणि मेल्यावर मात्र संगमरवर हवा होता!

धाकटीच्या वेळी मी खरंच मरायला टेकले. बाळ आलं आणि रक्त थांबेना. शकूताई माझ्या पोटावर मूठ दाबून उभी राहिली आणि तोंडानं मला शिव्या देत राहिली. "डोळे मिटून तं पाहाय, विजे! उठून कानफटात देईन!" ह्यांच्या कारखान्यातली माणसं दुपारच्या पाळीवर जाता जाता रक्त देऊन गेली. मी वाचले. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा नको, पुढच्या वेळी आम्हाला काही हमी देता येणार नाही. हे मान खाली घालून ऐकत होते म्हणे.

नाशिकहून सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. त्या दुष्ट नव्हत्या, हे मला स्वच्छ सांगायचंय. रात्रंदिवस खपल्या माझ्यासाठी. पण नातीच्या अंगाला तेल लावता लावता म्हणायच्या, "दोन लक्ष्म्या झाल्या, आता एक नारायण आला की मी मोकळी. पुढचं बाळंतपण नाशकात मोठ्या डॉक्टरकडे करू." आणि मी? मी मान डोलवायचे! बाळंतिणीच्या खाटेवर पडून, अंगात रक्त नाही, ओठ पांढरे, आणि मनात काय, तर गेलेच तर हे जन्मभर झुरतील. मूर्खपणाला वजन असतं तर ती खाट मोडली असती.

त्याच सुमारास हे कारखान्याच्या कामाला दिल्लीला गेले आणि येताना आग्र्याहून काचेचा ताजमहाल घेऊन आले. आत दिवा, खाली बटण. रेडिओवर ठेवला. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "नवऱ्याचा जीव असावा तर असा." तेवढ्यात शकूताई बाळाचं वजन करायला आली. हातात काटा, काट्याला झोळी.

"हे काय वो?"

"ताजमहाल," मी लाजून म्हटलं. होय, लाजून!

"ते दिसते मले. कितव्या बाळंतपणात मेली ती, ते माहीत आहे का?"

सासूबाई म्हणाल्या, "अहो सिस्टर, राणी होती ती."

"राणीच म्हणून तं विचारते. चौदाव्या! अन् आग्र्याले नाही मेली, आमच्या शेजारी मेली. बुऱ्हाणपुरात."

आणि मग बाळाला झोळीत टांगलेलं ठेवूनच तिनं सगळं ऐकवलं. रावेर आणि बुऱ्हाणपूर म्हणजे एकाच गाडीवाटेवरची गावं. तिच्या शाळेची सहल तिकडे गेली होती. बादशहा दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला तेव्हा बायकोलाही त्यानं बरोबर आणलं होतं, आणि तिथंच तिचे दिवस भरले. कळा संपेनात, मूल झालं आणि ती गेली. तापीच्या पलीकडच्या एका बागेत तिला पुरलं, काही महिन्यांनी काढून आग्र्याला नेलं. "ती पहिली जागा पाह्यली मी. बकऱ्या चरत होत्या. मास्तर म्हणे, चला चला, इथं पाह्यण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, खरी जागा तं हीच ना? मेली तं इथं." मग तिनं सासूबाईंकडे मोर्चा वळवला. "चौदातली निम्मीच जगली. ती शेवटची पोरगी पण जगली. सांगा तिचं नाव. नाही ना येत? मले पण नाही येत. आईच्या थडग्याचं नाव साऱ्या जगाले पाठ, अन् जिच्यापायी मेली त्या पोरीचं कोणाले ठाऊक नाही. दगड मागून रचला वो. आधी एखाद्या सुईणीचं ऐकलं असतं, तं बाई म्हातारी होऊन, दात पडून, सुनांशी भांडून मेली असती. मंग कायले लागते ताजमहाल?"

आणि जाता जाता तिनं आतल्या दिव्याचं बटण बंद केलं. "वीज जळते."

सासूबाई संतापून लाल झाल्या. हे शकूताईला फाटकापर्यंत सोडायला गेले. मी खिडकीशी होते, त्यामुळे पुढचं सगळं ऐकलं, आणि चोरून ऐकलं याचा मला तेव्हा आणि आजही अजिबात पश्चात्ताप नाही. ती म्हणाली, "साहेब, आणखी एक खेप हिले झेपत नाही. मेली की मग रडून बांधसाल काही." हे पुटपुटले, "मग हिचं ऑपरेशन..." ती म्हणाली, "हिच्यात आता कापायले आहे काय? तुमचं करा. माणसाचं सोपं असते." आजच्या मुलांना त्या वाक्याचा धक्का कळायचा नाही. आणीबाणी उलटून फार दिवस झाले नव्हते. नसबंदी म्हटलं की धडधाकट पुरुष सायकल टाकून शेतात पळत. हे फाटकाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आईला कळलं तर ती अन्न सोडेल." शकूताईनं एक क्षणही घेतला नाही. "मंग माझं नाव सांगा. सांगा, सिस्टरनं विजूले औषध दिलं, आता मूल राहत नाही. मले ना सासू, ना नवरा. माझं काय जाते?"

हे वापीला गेले. सोबत शकूताई, मी नाही. मी घरी दोन मुली घेऊन, सासूबाईंपुढे हसरा चेहरा करून बसले होते. घरी आणि कारखान्यात सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. मंडळी शहाळी घेऊन भेटायला आली, एकानं स्वतःच्या हर्नियाची कहाणी इतकी सविस्तर सांगितली की ह्यांना खोटं खोटं कण्हावं लागलं. पुढच्या तीन महिन्यांत काय काळजी घ्यायची, ते सासूबाई देवळात गेलेल्या पाहून शकूताईनं ह्यांना माझ्यासमोर एवढ्या खड्या आवाजात समजावलं की मी पदरात तोंड लपवलं. आणि सासूबाईंना, ठरल्याप्रमाणे, सिस्टरचं नाव सांगितलं.

'माझं काय जाते' म्हणाली होती. काय गेलं ते आम्ही बघत राहिलो. सासूबाईंनी नाशकात सांगितलं, नाशकातून ते उलटं फिरून सिल्वासात आलं. इथली मराठी घरं तेव्हा थोडी, सगळी एकमेकांच्या ओट्यावर. हळदीकुंकवाला तिला बोलावणं थांबलं. जी बाळं तिच्या हातात जन्मली, त्यांच्या बारशाला तिला वगळलं जाऊ लागलं. तिनं शिवून पाठवलेली झबली परत येत. एका बाईनं तर तिच्या तोंडावर म्हटलं, "तुमची सावली नको पाळण्यावर." शकूताईनं उत्तर दिलं, "पाळण्यावर सावली पडायले पाळण्यात कोणीतरी पाहिजे. ते कोणी काढलं, इसरली का?"

घुगऱ्यांची मात्र तिला फार आवड. बारशाच्या घुगऱ्या, ओलं खोबरं घातलेल्या. मग कुणाकडे बारसं असलं की त्या दिवशी ती माझ्याकडे यायची आणि दारातूनच हुकूम सोडायची, "विजे, हरभरे शिजव. आज शिंप्याच्या पोराचं बारसं आहे." आम्ही दोघी ओट्याशी बसून घुगऱ्या खायचो आणि त्या बाळाला नाव ठेवायचो, आमच्या मनचं. त्यामुळे सिल्वासात अशी कितीतरी मोठी झालेली माणसं आहेत ज्यांना स्वतःचं खरं नाव माहीतच नाही. बँकेत एक साहेब आहे. त्याला मी आजही मनात 'टमरेल' म्हणते.

हे निवृत्त झाले तेव्हा मीच हट्ट धरला की आग्र्याला जायचं, आणि तिघांनी जायचं. ती यायला तयार नव्हती. "त्या माणसाच्या घरी मी जात नाही." मी म्हटलं, घर त्याचं नाही, तिचं आहे. तेव्हा निघाली. फाटकातून आत शिरलो आणि ती पांढरी वास्तू समोर आली, तशी शकूताई वाटेतच थांबली. मग म्हणाली, "देखणं आहे वो. खोटं कायले बोलू. देखणं आहे म्हणून तं राग येते."

गाइड चुणचुणीत होता. दाखवत होता की दरवाजावरची अक्षरं वर वर मोठी कोरत नेली आहेत, म्हणून खालून सारखी दिसतात. शकूताई म्हणाली, "हो, वरच्या माणसाची अक्षरं खालून नेहमी सरळच दिसतात." कारागिरांचे हात तोडले, ते सांग म्हणाली, तर तो म्हणाला, "माँजी, वो तो कहानी है, कोई सबूत नहीं." ती बराच वेळ फुरंगटून राहिली. तिची आवडती गोष्ट होती ती! मग तो मिनारांकडे वळला. चारही मिनार जरासे बाहेरच्या बाजूला कलते बांधलेत, म्हणाला. भूकंपात पडले तर बाहेर पडावेत, मधल्या घुमटावर नाही. शकूताईनं मान वर करून चारही मिनार पाहिले, मग ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाह्यलं का साहेब? असं उभं राहा लागते." हे खाली बघायला लागले. मी पण.

आत दोन कबरी. गाइड म्हणाला, ह्या दाखवायच्या, खऱ्या खाली तळघरात. तिची अगदी मधोमध, सगळ्या इमारतीचा मध्य तिच्यावर धरलेला. त्याची नंतर आणून बाजूला ठेवलेली, तिच्याहून मोठी. अख्ख्या ताजमहालात सगळं दोन्ही बाजूंना सारखं, बिघडलेली तेवढी ती एकच गोष्ट. शकूताई जाळीशी वाकली आणि त्या गंभीर, कुजबुजत्या गर्दीत भोंग्याच्या आवाजात म्हणाली, "पाहाय विजे! इथं पण येऊन झोपला बाजूले. एकटीले जरा निवांत पडू देशील का नाही रे बापा!" घुमट असा आहे की बोललेलं फिरत राहतं. 'रे बापा' किती वेळ आमच्या डोक्यावर फिरत होतं. मी इतकी हसले की पहारेकऱ्यानं बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर तिनं गाइडला विचारलं, चौदावं बाळंतपण का सांगत नाहीस? तो म्हणाला, "माँजी, लोग हनीमून पे आते हैं. वो बताऊँ तो मैडम लोग साहब को देखने लगती हैं." शकूताईनं त्याच्या पाठीत एक थाप मारली. "देखने दे. उसी के लिए बता."

सासूबाई गेल्यावर मी ह्यांना म्हटलं होतं, आता सांगून टाका, आता कोणाची भीती? हे म्हणत, आता कशाला उकरायचं. शकूताईही म्हणे, "असू दे वो, लोकांयले तोंड हलवायले काहीतरी पाहिजे." पण मी तिला ओळखत होते. कुणाच्या घरी पाळणा बांधल्याचं कळलं की तिचा आवाज खाली यायचा. अगदी थोडा. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.

ती गेल्यावर इथल्या मराठी मंडळानं शोकसभा ठेवली. हार घातलेला फोटो, उदबत्ती, खुर्च्या. अध्यक्ष बोलले. माता आणि बालकं, सेवा, समर्पण, मातृत्व न लाभूनही हजारोंची माता. ही शेवटची ओळ तिनं ऐकली असती तर फोटोतून हात काढून त्यांची कानशिलं शेकली असती. मी दात आवळून बसले होते. आणि मग माझ्या मागच्या रांगेतून एक म्हातारा, सात्त्विक आवाज आला, "सेवा केली हो, नाही म्हणत नाही. पण विजूच्या घरचा दिवा तिनंच विझवला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण..."

मी उठलेच. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, आवाज मात्र तिचाच काढणार होते. तेवढ्यात माझा पदर ओढला गेला. हे म्हणाले, "बस."

"आज नाही बसणार!" मी म्हटलं. सगळी सभा ऐकत होती.

"बस गं," हे म्हणाले. "मी बोलतो."

माईकपर्यंत जायला ह्यांना वेळ लागला, गुडघे आता साथ देत नाहीत. माईक समोर असूनही त्यांनी तो बाजूला केला. म्हणाले, "सिस्टरनं आमच्या घरात कोणालाही कसलंही औषध दिलं नाही. ऑपरेशन झालं होतं. माझं. हिला पुन्हा दिवस राहिले असते तर ही वाचली नसती. माझ्या आईला ते सोसलं नसतं, म्हणून सिस्टरनं स्वतःचं नाव सांगायला लावलं, आणि मी सांगितलं. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी तुम्ही सिस्टरला पाळण्यापाशी येऊ देत नव्हता आणि मी तुमच्यात बसून पेढे खात होतो." मग मागच्या रांगांकडे वळले. "आम्हाला दोन मुली आहेत, नाती आहेत. आमच्या घरी भरपूर उजेड आहे. ज्यांना विझलेला दिवा बघायचाय त्यांनी आजपासून माझ्याकडे बघून बोलावं."

मागच्या सात्त्विक बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि परत ठेवला. अध्यक्षांनी घाईनं दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली, जी आधीच सुरू झालेली होती. मी ह्यांच्याकडे पाहत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला मी इतक्या निर्लज्जपणे, भर सभेत, कधी न्याहाळलं नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. हे पायऱ्यांजवळच्या बाकावर बसून चपला घालत होते, तेव्हा एक तरुण माणूस जवळ घोटाळायला लागला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, बोलण्यात नंदुरबारची ढब. मागे त्याची बायको, कडेवर एक मूल, एक पदराला धरलेलं आणि चेहरा मी ओळखते तसा, ओठ पांढरे. ती त्याला कोपरानं ढोसत होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकला आणि हळूच विचारलं,

"काका... दुखतं का हो?"

मी ते ऐकून पुढे सरसावले, पण मग थांबले. कडेवरचं मूल बायकोच्या हातून घेतलं आणि तिला म्हटलं, "चल बाई, आपण समोर चहा घेऊ. हे त्यांचं त्यांना बोलू दे."

"दुखतं," हे म्हणाले. "थोडं." आणि बाकावर सरकून त्यांनी त्याला बसायला जागा करून दिली.